गावपळणीला आलेला फंडवाला

लोक मला गुंतवणूकदार म्हणतात. म्हणोत बापडे. खरं काम सांगायचं तर मी एका खुर्चीत बसते, समोर तिशीतला एखादा मुलगा उभा राहतो, भिंतीवर रंगीत चित्रं पडतात आणि तो सांगतो की आपण देशाची फार मोठी समस्या सोडवायला निघालो आहोत. समस्या काय, तर घरी दूध उशिरा येतं. मी मान डोलावते. शेजारी बसलेले आणखी चारपाच जण मान डोलावतात. त्यातल्या एकालाही दुधातलं ओ की ठो कळत नसतं. पण एकाला मुलाचं इंग्रजी आवडलेलं असतं, दुसऱ्याला पहिल्याच्या मागे राहायचं नसतं, आणि तिसऱ्याला जेवायला उशीर होत असतो. झालं, मिळाले पैसे. आमच्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालताना गावकार एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तिथं निदान समोर देव तरी असतो.

मी या खुर्चीत कशी आले तेही सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी आदर बाळगायला नको. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका गावात माझा जन्म. इंजिनियर झाले, पुण्याला गेले, आणि इस्पितळांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी काढली. ते काम होतं. बिलाच्या खिडकीमागे स्टूल टाकून दिवसच्या दिवस बसायचं, पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या ऐकायच्या, कॅशियरच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या आणि रात्री येऊन प्रोग्राम बदलायचा. तेव्हा मला कुत्रं विचारत नव्हतं. पुढं एका परदेशी कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मी एकदम शहाणी झाले. अहो, काय ते शहाणपण! लोक मला व्यासपीठावर बसवून विचारायला लागले, मॅडम, तुम्ही सकाळी किती वाजता उठता? अपयशाकडे कसं बघता? मी तोंडाला येईल ते ठोकून द्यायची आणि पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. मग त्याच लोकांनी मला इतरांच्या कंपन्यांत पैसे घालायला बसवलं. ज्या कामाची मला माहिती होती ते मी विकून टाकलं आणि ज्याची नव्हती त्यावर निकाल द्यायला लागले. या धंद्यात यालाच बढती म्हणतात.

हळूहळू या मंडळींचा इतका वीट आला की मी गावी घर बांधलं आणि परत आले. लॅपटॉप आहे, गरज पडली तर कुडाळला गाडी आहे, मुंबईची बैठक चुकत नाही. चुकली तरी जगाचं काही बिघडत नाही, हे मला एव्हाना कळलेलं आहे.

गावात आल्यावर माझ्या चुलत बहिणीची मुलगी मला भेटायला आली. तिच्याकडे रंगीत चित्रं नव्हती. तिनं विचारलं, “मावशी, डॉक्टर लोक नंबर कसे लावतत, ता माका शिकवशीत?” गावातल्या बंद पडलेल्या भातगिरणीत तिनं पंधरावीस खुर्च्या टाकल्या होत्या. लातूर, सातारा, नाशिक अशा गावांतल्या लहान दवाखान्यांचे फोन तिथं घ्यायचे, हा तिचा धंदा. पेशंटला वाटतं आपण डॉक्टरांच्या दारातल्या बाईशी बोलतोय; प्रत्यक्षात बोलत असते आमच्या वाडीतली पोरगी. स्वच्छ पुस्तकी मराठीत ती सांगते, “डॉक्टर उद्या सकाळी बसतील, मागचे रिपोर्ट घेऊन या.” आणि माइकवर हात ठेवून शेजारणीला ओरडते, “गो, ती कोंबडी आत इली बघ!” मी पैसे घातले. आयुष्यात घातलेल्या सगळ्या पैशांपैकी याच पैशांचं काय होतंय ते मला रोज दिसत होतं. पोरी वाढत पंचवीस-तीस झाल्या. कोणाचं लग्न लांबलं, कोणी नवऱ्याला मुंबईहून परत बोलावून घेतलं.

पण मी घातलेले पैसे संपत आले. मी आणखी घालू शकले असते. घातले नाहीत, कारण आमच्या धंद्याचा एक नियम आहे, पहिल्यांदा ओळखीच्यानं घालावेत, दुसऱ्यांदा परक्यानं. परका तयार होत नसेल तर ती कंपनी नाही, ती दक्षिणा आहे. हे वाक्य मी व्यासपीठावरून बऱ्याचदा टाळ्या घेऊन म्हटलेलं आहे. तेव्हा पोरीनं परका शोधला. मुंबईचा एक मोठा फंड, त्याचा एक भागीदार. त्यानं पैसे घातले तर गिरणीतला दिवा जळत राहणार होता. नाही घातले तर नवीन वर्ष उजाडताच सगळ्या पोरी घरी. एवढं साधं गणित होतं आणि ते प्रत्येकीला माहीत होतं.

त्या भागीदाराला काम डोळ्यांनी बघायचं होतं. त्याच्या कॅलेंडरात मार्गशीर्षातला एकच दिवस मोकळा होता. पोरीनं तो देऊन टाकला. आणि तिथंच तिचं चुकलं. वर्ष गावपळणीचं होतं.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. दर काही वर्षांनी आमचा गाव आख्खाच्या आख्खा वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू राहत नाही. ओढ्यापलीकडे झावळांच्या झोपड्या घालायच्या, चुली मांडायच्या, आणि मग देवानं हुकूम दिला की परत यायचं. कधी निघायचं तेही देवच सांगतो. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याला कौल म्हणतात. म्हणून त्या वर्षी कौल होईपर्यंत शहाणा माणूस लग्नाची तारीख धरत नाही, बांधकाम काढत नाही, पाहुण्याला या म्हणत नाही. आणि ही बया गावकाराचीच लेक! देवासमोर गाऱ्हाणं घालतो तो हिचा बाप. कौल झाला आणि फंडवाल्याचा दिवस बरोबर गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी आला.

पोरीनं त्याला फोन करून सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, “इंटरेस्टिंग. पण तारीख पुन्हा एकदा कन्फर्म करता येणार नाही का? म्हणजे, तुमच्या देवाकडून?” मी शेजारीच बसले होते. शिरा पडो तुझ्या तोंडार, असं मी मनात म्हटलं. देवानं याच्या सेक्रेटरीशी बोलून घ्यायला हवं होतं, एवढंच काय ते राहिलं.

मी पोरीला सरळ सांगितलं, चार पोरी गिरणीत ठेव, बाकी गाव जाऊ दे. देव काय हजेरी घेतोय? तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. “फोन बंद पडूचे नाय आणि गिरणीतय कोण रवाचा नाय,” एवढं म्हणाली आणि कामाला लागली. मंडपवाल्याचा जनरेटर आणला. ओढ्यापलीकडे तिच्या बापाची काजूची बाग आहे, तिथं फोनची रेंज गिरणीपेक्षाही बरी. झावळांचा एक लांबलचक मांडव घातला, खाली टेबलं, टेबलांवर लॅपटॉप. आणि नगारा वाजून गाव निघाला तेव्हा डोक्यावर भांडी घेतलेल्या बायकांमागून या पोरी कानाला हेडफोन लावून, पाठीला लॅपटॉप बांधून निघाल्या. त्या तीन दिवसांत लातूरच्या कुठल्याही पेशंटला कळलं नाही की आपला नंबर काजूच्या झाडाखाली लागतोय. खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. आणि अभिमान वाटला की मी जास्तच वाईट बोलते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. कुडाळ स्टेशनवरून भाड्याच्या गाडीनं. पांढरे बूट, चुरगळलेला दिसावा म्हणून मुद्दाम महागातला घेतलेला शर्ट, आणि चेहऱ्यावर देवळात गेल्यावर पर्यटक धरतात तसला भाव. मराठी माणूस, पण मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळायचा आणि इंग्रजीचा हात धरायचा. पोरीनं त्याला मांडवात नेलं. म्हणाली, सर, बसा, एक फोन ऐका. तो बसला. हेडफोन कानाला लावला. नाशिकच्या कुठल्यातरी आजीबाई आपल्या गुडघ्याचं सांगत होत्या. त्यानं अर्धं वाक्य ऐकलं असेल नसेल, हेडफोन काढून ठेवला आणि विचारलं, “ती म्हातारी माणसं तिकडे काय शिजवतायत?”

मग तो सगळीकडे हिंडला. चुलीजवळ उकिडवा बसला, पेज प्याला, बकरीबरोबर फोटो काढला. कोणाच्या तरी खाटेवर आडवा पडून झावळांतून येणारं ऊन बघत राहिला. एवढी माणसं घरंदारं उघडी टाकून इथं बसलीत आणि कोणालाही घाई नाही, हे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते पाणी. तेच तर जास्त चीड आणणारं होतं. या लोकांना खरंच भरून येतं आणि भरून आलं की ते लगेच त्याची किंमत ठरवतात.

चहा झाल्यावर त्यानं आम्हां तिघांना बसवलं. पोरगी, तिचा बाप आणि मी. मी पहिली गुंतवणूकदार, त्यामुळे नवे पैसे घ्यायचे तर माझीही सही लागते. तो म्हणाला, “मी स्पष्ट बोलतो. फोनच्या धंद्याला भवितव्य नाही. दोन वर्षांत हे फोन मशीन घेईल. पण हे,” आणि त्यानं झोपड्यांवरून हात फिरवला, “हे कुठलंही मशीन करू शकत नाही. हाच तुमचा खरा धंदा आहे. मी पैसे यात घालतो.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं उलगडून सांगितलं. या बागेत कायमच्या झोपड्या बांधायच्या. मोठ्या कंपन्यांचे मालक इथं येणार, वेशीवर फोन काढून ठेवणार, तीन दिवस पेज खाणार, काहीही न करता बसणार आणि शांत होऊन परत जाणार. दर आठवड्याला एक गट. नाव गावपळणच ठेवायचं, ऑथेंटिक आहे. फोनवाल्या पोरींचा पगार तूर्त चालू ठेवू, त्याही पाहुण्यांचं बघतील.

माझं डोकंच फिरलं. आजवर बैठकांमधून गिळलेलं सगळं त्या क्षणी वर आलं. आणि आलं ते मालवणीत.

“मेल्या, लाज आसा काय तुका?” मी उभी राहूनच बोलत होते. “गाव सोडूक देवाचो हुकूम लागता. तुझ्या शनिवार-रविवारची मौज म्हणान माणसा खाटी घेवन भायर येनत नाय. तीन दिवस पोरी झाडाखाली बसान काम करतत, एक फोन चुकूक नाय, आणि तुका दिसली काय तर पेज! तुझ्यासारख्या शंभर जणांबरोबर बसलंय मी. एकाक काम कळत नाय. पैसे घेवन हिंडतास आणि बरा दिसला काय ता इकूक काढतास. उठ हयसून. गाडी धर आणि जा.”

त्याला शब्द किती कळले देव जाणे, अर्थ पोचला. तो पांढरा पडला. पोरीला म्हणाला, आय अॅम सॉरी, मला वाटतं माझा गैरसमज झाला. बूट झटकले आणि गाडीकडे चालायला लागला. गाडीची धूळ वळणापलीकडे गेली तरी मी धापा टाकत उभी होते. इतक्या वर्षांत असं मोकळं वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता सगळा मांडव टाळ्या वाजवणार.

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. पोरी फोन घेत होत्या, पण आवाज उतरले होते. पोरगी टेबलापाशी बसूनच होती. तिनं विचारलं, “मावशी, तुका कोणी इचारल्यान?”

मी म्हटलं, अगं, तो देवाचा बाजार मांडत होता!

“देवाचो खंय? बाग आमची.” तिचा बाप इतका वेळ काडीनं दात कोरत बसला होता, तो पहिल्यांदाच बोलला. तो मला नात्यानं भावोजी, गावात सगळ्यांत मानाचा माणूस. “वडो ओलांडलो काय देवाची हद्द संपली. हयसर कोण झोपडी बांधता, कोण पेज खाता, देवाक तेचा काय? आमची पळण आमी करतलंव, तेंची ते करूदे.” आणि पुन्हा दात कोरायला लागला.

म्हणजे देवाच्या वतीनं मी भांडले आणि देवाच्या गावकाराला काही अडचणच नव्हती. तरी मी हट्ट सोडला नाही. मी पोरीला म्हटलं, त्या माणसाला तुझं काम दिसलंसुद्धा नाही. गुडघ्याचं अर्धं वाक्य ऐकून उठला तो. अशाचे पैसे घेणार होतीस तू?

“घेतलंय असतंय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तो बरा चढवला असता. “यंत्र फोन उचलतला, ता माका म्हायत आसा. तो सांगता म्हणान न्हय, माका आदीच म्हायत आसा. तवसर ह्या पोरींका दुसरा कायतरी शिकवूक होया. तेका येळ लागता. तो येळ माका तेच्याकडसून घेवचो होतो. झोपड्ये बांध म्हणालो, बांधलंय असतंय. तेका काय बरा दिसला, तेचा माका काय करूचा?” आणि मग म्हणाली, “तू स्वता पैसे घालूचंस नाय आणि जो घालता तेका घालवन देतंस. तुका परवडता ता. असा तोडून बोलूक गाठीक पैसे लागतत, मावशी. माका नाय परवडत.”

मी फंडवाल्या मंडळींचा तिरस्कार करते, हाच माझा मोठेपणा आहे अशी माझी समजूत होती. त्या मंडळींत बसूनही मी त्यांच्यातली नाही, असं मला वाटायचं, कारण मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालते. आणि इथं माझ्या बहिणीची मुलगी मला सांगत होती की ही माझी चैन आहे. त्याच पैशांतून आलेली. तो पांढरे बूट घालतो, मी तोंड सोडते.

मांडवातल्या पोरींपैकी एकजण बोलता बोलता रडायला लागली होती. तिचा नवरा गेल्याच वर्षी हिच्या पगाराच्या भरवशावर मुंबईची नोकरी सोडून आलेला. माइकवर हात ठेवून तिनं पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा बोलायला लागली, “हो काका, सोमवारी बसतील डॉक्टर.”

मी पोरीला म्हटलं, “मी करते त्याला फोन. माफी मागते.”

“नको,” ती म्हणाली. “तू गप बस. तू बोललंस काय परत भांडशीत.”

तिनं आपला हेडफोन कानाला लावला, नंबर फिरवला आणि पाठ ताठ केली. तिच्या तोंडातली मालवणी क्षणात कुठल्या कुठे गेली. तो गाडीतच असणार, कुडाळच्या वाटेवर. त्यानं फोन उचलला आणि ती बोलायला लागली, त्याच मऊ, समजुतीच्या सुरात, ज्या सुरात तिच्या पोरी चिडक्या डॉक्टरांच्या पेशंटना सांभाळून घेतात.

“नमस्कार सर. हो, हो सर. नाही, तुमचा काही गैरसमज झालेला नाही. तुमची कल्पना बाबांना पण पटलीय.” मी हाताच्या अंतरावर उभी होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. “मॅडमचं काय आहे सर, त्यांचं आता वय झालंय. एकट्याच असतात. मध्येच कधीतरी चिडतात, त्यांनाच नंतर आठवत नाही. आम्ही मनावर घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.”

सगळ्या पोरी ऐकत होत्या. तिचा बाप खाली मान घालून चुलीतली लाकडं सारखी करत होता. पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. माझ्याबद्दलच असणार, कारण पोरगी मधूनमधून “हो ना सर” म्हणत होती. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि तिनं माझ्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

“नाही सर, त्याची काळजी नको,” ती म्हणाली. “मॅडम सही करतील.”

मी मान डोलावली.